शितावरून भाताची परीक्षा

कसबा पेठ ही पुण्याची सर्वांत जुनी पेठ. तिच्या तांबट आळीतून जाताना तांब्याच्या पत्र्यावर पडणारे हातोडीचे ठोके आजही कानी येतात. पूर्वीइतके नव्हेत, पण येतात. तेथून कुंभारवाडा दूर नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला निघालेली गृहिणी तेथे काय करते, ते कधी लक्ष देऊन पाहावे. माठाचा रंग, त्याची गोलाई ती न्याहाळते खरी, पण तेवढ्यावर विश्वास ठेवीत नाही. बोटाच्या पेराने ती माठावर टिचकी मारते आणि कान देते. खणखणीत नाद आला, तर माठ पक्का. बद्द आवाज आला, तर कोठेतरी चीर आहे. ती चीर तिला दिसलेली नसते. परंतु तिच्याविषयीचा पुरावा कानाने दिलेला असतो.

आपल्या भाषेत या व्यवहाराला जुनी म्हण आहे : शितावरून भाताची परीक्षा. तिच्याच जोडीला दुसरी म्हण आहे : आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? वाचकहो, या दोन म्हणींच्या दिशा एकमेकींच्या विरुद्ध आहेत, हे आमच्या फार उशिरा ध्यानी आले. दुसरी म्हण आतून बाहेर येते. आडात काय आहे ते ठाऊक आहे, त्यावरून पोहऱ्यात काय येईल ते सांगायचे. पहिली मात्र बाहेरून आत जाते. हाती आलेले एक शीत, त्यावरून झाकलेल्या पातेल्याचा अंदाज बांधायचा. पहिल्या प्रकारात चुकायला फारशी जागा नाही. दुसऱ्यात आहे, आणि मनुष्याला संसारात बहुधा दुसऱ्याच प्रकारचे प्रश्न सोडवावे लागतात.

विज्ञानातही या दोन दिशा आहेत. स्कॉटलंडचे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात वीज, चुंबकत्व आणि प्रकाश यांना एकाच नियमावलीत गुंफले. विजेचे प्रवाह कोठे आहेत आणि मधला पदार्थ कसा आहे हे सांगितले, की बाहेर कोणत्या जागी किती विद्युतक्षेत्र आणि किती चुंबकीय क्षेत्र असेल, ते मॅक्सवेल यांच्या समीकरणांनी काढता येते. हा झाला सरळ प्रश्न. आडाकडून पोहऱ्याकडे जाणारा. आता याच्या उलट विचारावे. बाहेरच्या पृष्ठभागावर आम्ही मोजमाप केले आहे, आत काय आहे ते सांगा. गणिती मंडळी याला व्यस्त प्रश्न म्हणतात. शाळेत आपण सम आणि व्यस्त प्रमाण शिकलो, त्यातलाच हा 'व्यस्त'. याला लागूनच आणखी एक प्रश्न उभा राहतो : ज्या जागी आम्ही मोजमाप करीत आहोत आणि जितका वेळ करीत आहोत, तेवढ्यावरून आतले सारे कळण्याजोगे आहे की नाही? या गुणाला निरीक्ष्यता म्हणावे.

हा विषय केवळ पंडितांच्या टिपणवह्यांपुरता असता, तर आम्ही या त्रैमासिकाची पाने अडवली नसती. आयुष्यभर एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवूनही आम्ही त्याच्याकडे फळ्यावरचे गणित म्हणूनच पाहत आलो होतो. पण तो एके दिवशी आमच्या घरात आला, आणि तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात तो कधी ना कधी येणार आहे. म्हणून हा प्रपंच.

प्रथम त्या म्हणीचीच परीक्षा करू. एका शितावरून भात कळतो, याला कारण काय? पातेले लहान आहे, आच सगळीकडे सारखी लागली आहे, तांदूळ एकाच पोत्यातला आहे, हे आपण न बोलता गृहीत धरलेले असते. लग्नाच्या पंगतीसाठी मोठ्या पातेल्यात भात शिजवणाऱ्या आचाऱ्याला विचारा. तो वरचे एक शीत दाबून समाधान मानीत नाही. वरचा दाणा कच्चा आणि तळाचा भात करपलेला, असा प्रसंग त्याने पाहिलेला असतो. म्हणजे शीत खोटे बोलत नाही. परंतु एका शिताने किती बोलावे, यालाही मर्यादा आहे.

फ्रेंच गणिती जाक आदामार यांनी १९०२ साली गणितातील प्रश्नांसाठी जी कसोटी मांडली, ती पुढे सर्वमान्य झाली. प्रश्नाला उत्तर असावे, ते एकच असावे, आणि मोजणीत थोडा फरक पडला तर उत्तरातही थोडाच फरक पडावा. सरळ प्रश्न या तिन्ही कसोट्यांना बहुधा उतरतात. व्यस्त प्रश्न दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीवर घसरतात. एकाच बाह्य लक्षणामागे दोन निरनिराळ्या आतल्या अवस्था असू शकतात. आणि उत्तर एकच असले, तरी मोजणीतल्या तिळाएवढ्या चुकीने त्याचा ताड होऊ शकतो.

याचे उदाहरण आपल्या पायांखाली आहे. पुणे शहर दख्खनच्या काळ्या कातळावर वसले आहे. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून हा कातळ झाला. त्यातला काही घट्ट, तर काही भेगाळलेला आणि झिजलेला; पाणी सापडते ते या दुसऱ्या प्रकारात. मुठा नदीच्या पात्राखालून आलेल्या भुयारातून २०२४ च्या सप्टेंबरअखेरीपासून मेट्रो कसबा पेठेच्या भूमिगत स्थानकात येऊ लागली. तेव्हापासून पुणेकरांना आपल्या पायांखालच्या खडकाचे थोडे अधिक कुतूहल वाटू लागले असावे. परंतु विहीर किंवा कूपनलिका खणू पाहणाऱ्या शेतकऱ्याला हे कुतूहल परवडणारे नसते. त्याचे सारे वर्ष त्या एका भोकावर अवलंबून असते. त्याच्या शेतात भूजलाची पाहणी करणारे लोक येतात, तेव्हा जमिनीत एका ओळीत चार सळया ठोकतात. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन सळयांमधील विद्युतदाब मोजायचा. ओला, भेगाळ खडक विजेला वाट देतो. कोरडा, घट्ट खडक अडवतो. सळयांमधले अंतर वाढवीत नेले, की प्रवाह अधिक खोल उतरतो आणि अधिक खोलीची बातमी आणतो. ही पद्धत फ्रान्समध्ये कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ च्या सुमारास प्रयोगात आणली.

पण सगळ्या बाजूंनी, हवे तितके मोजले, तरी आतले चित्र एकच निघते का? हा प्रश्न अर्जेंटिनाचे आल्बेर्तो काल्देरॉन यांना पडला. ते तरुणपणी तेथील सरकारी तेल कंपनीत अभियंता होते आणि जमिनीत तेल शोधण्याच्या कामावरून त्यांना हा विचार सुचला. पुढे ते जगप्रसिद्ध गणिती झाले, तरी या विषयावरचा निबंध त्यांनी १९८० सालीच प्रसिद्ध केला. १९८७ साली जॉन सिल्व्हेस्टर आणि गुंथर उल्मान यांनी सिद्ध केले, की वाहकता सर्वत्र हळूहळू बदलणारी असेल, तर तीन मितींच्या पदार्थात उत्तर एकच असते. मॅक्सवेल यांच्या संपूर्ण समीकरणांसाठी त्याच धर्तीचा निष्कर्ष फिनलंडच्या तिघा गणितींनी, ओला, पैवारिंता आणि सोमर्सालो यांनी, १९९३ साली दिला.

येथे आनंदाने टाळी वाजवावी, तोच तिसरी कसोटी आडवी येते. उत्तर एकच आहे. पण ते अतिशय नाजूक आहे. १९८८ साली इटलीचे जोव्हान्नी अलेस्सांद्रिनी यांनी दाखविले, की पृष्ठभागावरील मोजणीतली चूक दहापट कमी केली, तरी आतल्या चित्रातली चूक किंचितच कमी होईल, एवढीच हमी देता येते. जसजसे खोल जावे, तसतशी बातमी पुसट होत जाते. म्हणून पाहणी करणारा प्रामाणिक तज्ज्ञ शेतकऱ्याला 'येथे पाणी आहे' असे छातीठोक सांगत नाही. 'येथे असण्याचा संभव अधिक आहे' असे सांगतो. त्या दोन वाक्यांत शास्त्र आणि भविष्यकथन यांमधला सारा फरक आहे.

आता जमिनीवरून मनुष्यदेहाकडे येऊ. कारण तेथेही प्रवाह आहेत, आणि तेथे भोक पाडून पाहणे सोपे नाही. हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या एका लाटेने सुरू होतो. त्या लाटेची पुसट खूण त्वचेपर्यंत पोचते. लंडनचे ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ साली माणसाच्या हृदयाची अशी नोंद प्रथम घेतली. नेदरलंड्सचे विलेम आइंथोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी त्यासाठी तारेचे अतिसंवेदनशील यंत्र तयार केले. रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसायचे, अशी तेव्हाची रीत होती. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपण ज्याला कार्डिओग्राम म्हणतो, तो या यंत्राचाच वंशज. हृदयाचे प्रवाह इतके संथ असतात, की तेथे मॅक्सवेल यांच्या समीकरणांचे साधे, लाटांवाचूनचे रूप पुरते.

मात्र कार्डिओग्रामच्या जन्माआधीच त्याची मर्यादा एका थोर शास्त्रज्ञाने लिहून ठेवली होती. जर्मनीचे हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५३ साली दाखवून दिले, की शरीरासारख्या वाहकाच्या पृष्ठभागावर मोजलेला विद्युतदाब आतल्या असंख्य निरनिराळ्या प्रवाहरचनांतून उत्पन्न होऊ शकतो. कागदावरची रेघ एक. तिच्यामागची कारणे अनेक. तरीही डॉक्टर त्या रेघेवरून निदान करतात आणि ते बहुधा बरोबर ठरते. कारण त्यांच्यापाशी रेघेखेरीज आणखी काही असते. ते काय, हे आम्हांला २०१७ सालच्या पावसाळ्यात कळले.

आमच्या मातोश्री तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आमचे बिऱ्हाड कसब्यातील एका जुन्या वाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. जिना लाकडी, अरुंद आणि उभा. रविवारी रिक्षाने नाना पेठेतील सिटी चर्चमध्ये मिस्सेला जाणे त्यांनी कधी चुकवले नाही, आणि जिना चढताना कोणाचा हातही घेतला नाही. स्वतःच्या दुखण्याविषयी बोलणे हे त्यांच्या पिढीला जवळजवळ असभ्य वाटे. एका रात्री जेवणानंतर त्या खाटेवर बसून राहिल्या. छातीत जरा भरल्यासारखे वाटते, एवढेच म्हणाल्या, त्यापुढे लगेच जोडले, "पित्त झालंय. निजले की बरं वाटेल."

आमच्या सौभाग्यवतींनी त्यांना निजू दिले नाही. शेजारच्या मुलाने रिक्षा आणली आणि आम्ही तिघे शहरातील एका रुग्णालयात पोचलो. रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरबाई होत्या. कार्डिओग्रामची पट्टी निघाली. तिच्यात ठसठशीत असे काहीच नव्हते.

"आजी, नेमकं काय होतंय?" बाईंनी विचारले.

"काही नाही गं बाळ. रात्री वाटाण्याची उसळ खाल्ली, तिचं पित्त. उगाच या दोघांनी तुला त्रास दिला."

तेव्हा सौ. शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, आईंना पित्त झालं की त्या थंड दूध मागतात. आज मागितलं नाही. आणि गेले तीन दिवस त्या जिन्याच्या वळणावर थांबतात. आधी कधी थांबल्या नव्हत्या."

मातोश्री रागाने सुनेकडे पाहू लागल्या. घरातले बाहेर सांगितले, असा तो राग होता. डॉक्टरबाईंनी मात्र हातातली पट्टी बाजूला ठेवली आणि विचारले, "जिन्यात थांबल्यावर किती वेळाने चालू लागतात?" सौ.ने तेही सांगितले. मग बाई आम्हांला म्हणाल्या, "पट्टीत काही दिसत नाही. पण पट्टीला पाठ दिसत नाही. आपण थांबू या." अर्ध्या तासाने त्यांनी दुसरी पट्टी काढली. त्यानंतर छातीवरची टोके काढून डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली, पाठीवर लावली आणि तिसरी काढली. त्या तिसऱ्या पट्टीत रेघ सरळ राहिली नाही. हृदयाच्या मागच्या भिंतीचा रक्तपुरवठा तुंबला होता. पहाटेच्या आत उपचार सुरू झाले; तुंबलेली रक्तवाहिनी उघडून तिच्यात जाळीची नळी बसवली गेली. मातोश्री घरी आल्या आणि पुढे सहा वर्षे जगल्या.

नेहमीच्या कार्डिओग्राममध्ये हातापायांना चार आणि छातीवर सहा टोके लावतात आणि त्यांवरून हृदयाकडे बारा बाजूंनी पाहिल्यासारखे होते. बारा हा आकडा ऐकून वाटते, की आता काय उरले? परंतु छातीवरची ती सहाही टोके पुढच्या आणि डाव्या अंगाला असतात. हृदयाच्या मागच्या भिंतीची खबर त्यांना थेट मिळत नाही. मिळाली तर आरशातल्या प्रतिबिंबासारखी, उलटी मिळते. शिवाय झटक्याच्या पहिल्या घटकेत पट्टी निर्दोष दिसू शकते, आणि रक्ततपासणीत त्याची खूण उमटायलाही काही तास जावे लागतात. म्हणून दुखणे चालू असताना एक पट्टी चांगली आली, एवढ्यावर जाणते डॉक्टर रुग्णाला घरी पाठवीत नाहीत. पट्टी पुन्हा काढतात. डॉक्टरबाईंनी त्या रात्री जे केले, ते वैद्यकातले नेहमीचे, शिकवलेले शहाणपण होते. आम्ही बाकावर बसलो होतो तेव्हा आमच्या मनात आले : बाजू बदलली, वेळ वाढवला, आणि घरचे ज्ञान जमेस धरले. व्यस्त प्रश्नावरचे तिन्ही उतारे एका रात्रीत, एका खाटेपाशी वापरले गेले.

या तिघांपैकी प्रत्येकाविषयी थोडे सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट बाजूची. मेंदूतील प्रवाहांमुळे डोक्याबाहेर अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. अमेरिकेतील डेव्हिड कोहेन यांनी १९६८ साली ते प्रथम मोजले. आता गणित असे सांगते, की वाहक पूर्ण गोल असेल आणि त्यातील एखादा प्रवाह अगदी त्रिज्येच्या दिशेने, म्हणजे केंद्राकडून थेट पृष्ठभागाकडे, वाहत असेल, तर त्याचे चुंबकीय क्षेत्र बाहेर मुळीच उमटत नाही. यंत्र कितीही सूक्ष्म करा, ते कळणार नाही. अशा प्रवाहाला मुका उगम म्हणतात. परंतु त्याच प्रवाहाचा विद्युतदाब डोक्याच्या त्वचेवर मोजता येतो. एका साक्षीदाराला जो दिसत नाही, तो दुसऱ्याला दिसतो. घराघरांतही असे मुके उगम असतात. ते खोटे बोलत नाहीत. त्यांचे दुखणे आपण जेथे उभे आहोत त्या दिशेला येतच नाही. मुलाला ते दिसत नाही, सुनेला दिसते. क्वचित दोघांनाही न दिसता दूधवाल्याला दिसते.

दुसरी गोष्ट वेळेची. येथे आपण पुन्हा मॅक्सवेल यांच्या लाटांकडे जाऊ. एखाद्या बंद खोलीत विद्युतचुंबकीय लाटा फिरत आहेत आणि आपण भिंतीच्या एका भागावरच त्यांची नोंद घेत आहोत, असे समजा. आतली सारी स्थिती कळायला किती थांबावे? लाट आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढे थांबलेच पाहिजे, हे उघड आहे. परंतु केवळ थांबणे पुरेसे नाही. केशकर्तनालयात समोरासमोर आरसे लावलेले असतात. त्यांना काटकोनात पडलेला किरण या आरशावरून त्या आरशावर जातो आणि परत येतो; असाच येरझाऱ्या घालीत राहतो. आपण उरलेल्या दोन भिंतींपाशी जन्मभर बसलो, तरी तो किरण आपल्याकडे येणार नाही. बार्दोस, लेबो आणि राउख या तिघा गणितींनी १९९२ साली लाटांच्या निरीक्ष्यतेचा नेमका नियम सांगितला. ठरलेल्या मुदतीत प्रत्येक किरण निदान एकदा तरी आपल्या निरीक्षणाच्या जागी येऊन आदळला पाहिजे. मॅक्सवेल यांच्या लाटांनाही पुढे अशाच प्रकारचे निष्कर्ष लागू झाले. म्हणजे जागा आणि वेळ ही दोन्ही लागतात. वेळ भरपूर दिला, पण नेहमी त्याच खुर्चीत बसून दिला, तर उपयोग थोडा.

या नियमाची सख्खी बहीण आपल्या पुणे जिल्ह्यातच पाहायला मिळते. पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, नारायणगावजवळच्या खोडद गावी, प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. २००१ साली ती राष्ट्राला अर्पण झाली. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ मध्यभागी दाटीने आणि १६ तीन फाट्यांवर दूरवर. दोन तबकड्यांतले जास्तीत जास्त अंतर सुमारे २५ किलोमीटर. आकाशातून आलेल्या रेडिओ लाटा या तबकड्या जोडीजोडीने तोलतात. अशा जोड्या ४३५ होतात. आलेल्या लाटांवरून त्या पाठवणाऱ्या आकाशाचे चित्र काढायचे, म्हणजे पुन्हा तोच व्यस्त प्रश्न. सगळा प्रदेश तबकड्यांनी भरता येत नाही. मधल्या जागा रिकाम्याच राहतात. मग शास्त्रज्ञ काय करतात? ते थांबतात. तास दोन तास नव्हे, आठ-दहा तास. तेवढ्या वेळात पृथ्वी फिरते, तबकड्या तिच्याबरोबर फिरतात, आणि त्याच तबकड्या त्याच आकाशाकडे नव्या कोनातून पाहू लागतात. जे जागेने कमी पडले, ते काळाने भरून निघते.

एवढे करूनही काही फटी राहतातच. तेथे तिसरी गोष्ट कामी येते : पूर्वज्ञान. आकाश बहुतांशी रिकामे असते आणि त्यात मोजकेच तेजस्वी उगम असतात, हे ठाऊक असल्यामुळे अनेक शक्य चित्रांपैकी विश्वासार्ह चित्र निवडता येते. रशियाचे आंद्रेई तिखोनोव्ह यांनी १९६३ साली या विचाराला शिस्तबद्ध गणिती रूप दिले. मोजमापाशी जुळणारी अनेक उत्तरे असतील, तर आधीपासून जे खात्रीने ठाऊक आहे त्याच्याशी जुळणारे उत्तर घ्यावे. पित्त झाले की आई थंड दूध मागतात, हे सौ.चे पूर्वज्ञान होते. ते कोणत्याही यंत्रात नव्हते. तीस वर्षे एका स्वयंपाकघरात वावरल्याने ते मिळाले होते.

मात्र पूर्वज्ञानाला एक धोका आहे, आणि गणिती तो चांगला ओळखतात. त्याला प्रमाणाबाहेर वजन दिले, तर चित्रात तेवढेच दिसते जे आपण आधीच मानलेले होते. 'यांना नेहमी पित्तच होते' हेही पूर्वज्ञानच. आणि त्या रात्री त्यावर सारा भार टाकला असता, तर पट्टीची आणि जिन्याची साक्ष ऐकूच आली नसती. पूर्वज्ञान आणि पूर्वग्रह यांत एवढेच अंतर आहे, की पहिले नव्या पुराव्यापुढे सरकायला तयार असते. सौ.च्या बोलण्यात 'नेहमी' होते, पण ते 'आज नाही' म्हणण्यासाठी होते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकी काहीजण विचारतात, की यंत्रे इतकी सुधारल्यावर आता घरच्यांनी काय करायचे उरले? रुग्णाला यंत्रात सरकवावे आणि चित्र घेऊन यावे. आमचे उत्तर असे, की यंत्र सुधारले म्हणून हेल्महोल्ट्झ यांचा निष्कर्ष खोटा पडत नाही. जेवढे मोजले त्यापलीकडचे, न मोजलेले, नेहमी उरतेच. ते कोठे उरते हे सांगणारा माणूस बहुधा घरातलाच असतो. तो डॉक्टरच्या जागी बसू शकत नाही. पण डॉक्टरला तो नसेल, तर बारा बाजूंपैकी तेरावी बाजू राहून जाते.

म्हणून आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना आमची विनंती आहे. वडीलधाऱ्यांना 'कसे आहात?' असे एकदा विचारून 'बरा आहे' या उत्तरावर समाधान मानू नये. ते एक शीत झाले. जेवण कमी झाले आहे का, चालीत फरक पडला आहे का, प्रार्थनेला गुडघे टेकल्यावर उठताना वेळ लागतो का, हे वेगवेगळ्या जणांनी, वेगवेगळ्या वेळी पाहावे आणि एकमेकांना सांगावे. रुग्णालयात जाताना तेही बरोबर न्यावे. छातीत दुखत असताना पहिली पट्टी चांगली आली, तर 'पुन्हा केव्हा काढायची?' असे नम्रपणे विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

त्या पावसाळ्यानंतर सौ.ने आमच्या घरी एक शाळकरी वही सुरू केली. तिच्यात रोज चारच रकाने : झोप, जेवण, जिना, आणि न मागितलेली गोष्ट. मातोश्री त्या वहीची थट्टा करीत. "माझी हजेरी घेते ही," असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. पण डॉक्टरबाईंकडे तपासणीला जाताना ती वही पिशवीत ठेवली की नाही, हे त्याच आधी पाहत, आणि डॉक्टरबाईही पट्टीच्या आधी वही मागत. २०२३ साली मातोश्री गेल्या, झोपेत, शांतपणे. वही बंद होईल असे आम्हांला वाटले होते. महिन्याभराने ती पुन्हा खिळ्याला लटकलेली दिसली. आम्ही उघडून पाहिली. रकाने तेच होते. वर नाव आमचे होते.